माळवदाखालची रिकामी जागा

अप्पा, घर पाडायचं ठरलं आहे. दादाचा काल फोन आला. त्याचा आवाज चिडलेला नव्हता, उलट मऊ होता, आणि त्यावरूनच मला कळलं की आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. सोमवारी ठेकेदाराचा माणूस जागा मोजायला येणार, त्याआधी मी माझं सामान हलवावं, एवढंच. मी बरं म्हणाले. मग आडावरची मोटार बंद केली, अंगणातले माठ पालथे घातले आणि टेबलाशी येऊन बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्याशी मनातही बोलत नाही. पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगायची तर माळवद म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, आणि समजावून सांगण्याचा मला कंटाळा आला आहे. समजावून सांगण्यानेच सगळं बिघडलं.

तरी घराचं थोडं लिहिते, कारण तुम्ही सोडून गेलात ते घर आणि आत्ताचं घर एकच नाही. लातुरात गंज बाजाराच्या मागच्या गल्लीत आजोबांनी बांधलेलं, धोंडा-मातीच्या जाड भिंतींचं, समोर अंगण, अंगणात आड. भिंतींवर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. दरवर्षी मृगाच्या आधी गाढवांवरून पांढरी माती यायची आणि माळवदावर नवा थर पडायचा. जुना थर कोणी काढत नसे. आजोबांनी घातला, त्यावर तुम्ही घातला. सगळ्या गावाची रीत तीच होती. छत गळतं ना, मग वर माती टाका. गळणं थांबायचं आणि छत एका थराने जड व्हायचं. ते जड होतंय हे कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, कारण माणूस छताकडे खालून बघतो.

भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते. आपल्या घराचं काही बिघडलं नाही, मागच्या भिंतीला एक चीर गेली. औशाच्या पलीकडच्या गावांचं जे झालं ते तुम्ही बघून आलात. आपलं बारदान्याचं दुकान, म्हणून तुम्ही ट्रकमध्ये पोती भरून गेलात. दुसऱ्या दिवशी परत आलात ते ट्रक रिकामा घेऊन. आईने, आमच्या अव्वाने, विचारलं, पोती कशाला लागली एवढी? तुम्ही हातपाय धुतले नाहीत. सरळ आत गेलात, आमची अंथरुणं उचललीत आणि अंगणात आणून टाकलीत. पुढे तिथं पत्र्याचं शेड झालं, शेडला बारदान्याचे पडदे लागले, चूल बाहेर आली, माझं दप्तर बाहेर आलं. घर तसंच उभं, आणि आपण त्याच्या समोर राहतोय. आत जायचं ते फक्त धान्य काढायला, तेही पळत. अव्वा मला दारात उभी करायची आणि म्हणायची, “मी आत हाय तवर तू त्या पेल्यांकडं बघत ऱ्हा.”

ते पेले तुम्ही मांडले होते. शेडातल्या फळीवर तीन स्टीलचे पेले, पडले की पळायचं. मी ते आधी माझ्या मनाने लावले होते, तिन्ही उपडे, आणि ते एकमेकांत जाऊन बसले. तुम्ही माझ्या मागे उभे आहात. हसत नाही. हात पुढे करून म्हणता, “आसं लावलीस तर गाव पडंल पन हे पडायचे न्हाईत. हे बघ. पहिला उपडा. त्याच्या बुडावर दुसरा सुलटा. त्याच्या तोंडावर तिसरा पुन्यांदा उपडा.” एवढं बोलून तुम्ही फळीला बोटाने हलकं टिचकारता. वरचा पेला पडतो, शेडभर घरंगळतो आणि अव्वा चुलीपासून ओरडते, “जीव घेता का माझा?” त्या दिवसांत ती पहिल्यांदा ओरडली, म्हणून तुम्हाला बरं वाटलं असावं. पुढे नांदेडला इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत कंप मोजणारं यंत्र आम्हाला दाखवलं तेव्हा बाकीच्या मुली वाकून बघत होत्या. मला ते ओळखीचं वाटलं.

पुढच्या मृगाच्या आधी गाढवं पुन्हा दारात आली. तुम्ही माळवदावर चढलात. मी खालून विचारलं की अप्पा, शाळेत बाई म्हणाल्या, माळवदाच्या वजनाने माणसं मेली, मग तुम्ही अजून माती का टाकायलात? तुम्ही वरून माझ्याकडे बघितलंत. गल्लीतले दोघे-तिघे थांबले होते. तुम्ही म्हणालात, “गळलं तर भित्ती भिजतील. भित्ती भिजल्या तर बसंल सगळंच. लई शानी झालीस. जा, पानी आन.” मी पाणी आणलं. त्या घरात कोणी झोपत नव्हतं आणि तुम्ही ते कोरडं ठेवत होता. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं. आता वाटतं, भिजण्याबद्दल तुमचं बरोबर होतं आणि वजनाबद्दल माझं. दोन्ही बरोबर असताना घर वाचत नाही, एवढं मी नंतर शिकले.

नांदेडहून पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आले तेव्हा मी माळवदाचं वजन काढलं. तुम्ही दुकानात सुतळीच्या गुंड्या लावत होता. मी कागद समोर ठेवला. तुम्ही चष्मा लावून आकडा दोनदा वाचलात आणि विचारलंत, “मग काडायचं म्हंतीस?” मी म्हणाले, अर्ध्याहून जास्त काढायला हवं. तुम्ही थोडा वेळ सुतळी गुंडाळत राहिलात. “वरून काडावं लागंल न्हवं?” वरूनच, मी म्हणाले. “म्हंजे आदी माझंच निघंल. बापाचं खाली ऱ्हाईल.” आणि तुम्ही हसलात. चांगलं, मोकळं हसलात. दिवाळीनंतर बघू म्हणालात. दिवाळीनंतर तुम्ही नव्हता. मी नांदेडच्या एस.टी. स्टँडवर उभी होते आणि लातूरची गाडी भरून गेली, पुढची मिळाली. अहमदपूरला ती बराच वेळ थांबली. त्या प्रवासाबद्दल मला एवढंच लिहायचं आहे.

त्यानंतरचं लातूर तुम्ही बघितलं नाहीत. सुरुवात तुमच्या समोर झाली होती, पण इतकी नाही. आता गल्लीत बारदान्याचं एकही दुकान नाही. रेणापूर, अहमदपूर, मुदखेड, कुठून कुठून शिकवण्यांसाठी पोरं येतात, हातात ट्रंक आणि गादी, मागे बाप. जिथं पलंग मावतो तिथं भाडेकरू आहे. चौकाचौकात पास झालेल्यांच्या फोटोंचे फ्लेक्स. दादाने आधी आपल्या शेडात पोरं ठेवली, मग मागची जागा घेऊन हॉस्टेल बांधलं, मग दुसरं. तो वाईट नाही, अप्पा. पोरांना ताप आला तर स्वतः दवाखान्यात नेतो. पण त्याच्या दुसऱ्या हॉस्टेलच्या स्लॅबचं काम मी बघितलं आहे. उन्हाळा, टँकरचं पाणी, आणि स्लॅबवर पाणी मारायचं तर पोरांना प्यायला काय? म्हणून पोत्यांचे तुकडे टाकून ते एकदाच ओले केले. मी बोलले तर म्हणाला, “तुझ्या पुस्तकात नळाला पाणी येतंय, माझ्या गल्लीत न्हाई.” अव्वा आता त्याच्याकडे चौथ्या मजल्यावर राहते. मी तिला विचारलं, तिथं तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, “स्लॅब हाय की.” मी म्हणाले, अव्वा, स्लॅबखाली माणूस मरत नाही का? “मरत आसंल,” ती म्हणाली, “पर मातीखाली मेलेलं मी ऐकलंय.”

मी पुण्यातली नोकरी सोडून आले ते घरासाठी. त्या उन्हाळ्यात गावाला रेल्वेने पाणी आलं होतं आणि लोक घागरी घेऊन रांगेत उभे होते. माझ्या मनात एक सरळ हिशेब होता. या घराला पंखा लागत नाही. माळवदाचं पाणी आडात सोडलं तर आड भरतो. मागे परसात कचऱ्याचं खत होतं, सांडपाण्यावर भाजी येते. मग हे घरच लोकांना दाखवावं. कमी पाण्यात, कमी विजेत, कमी कचऱ्यात कसं राहायचं हे शिकायचं गल्लीचं केंद्र. दादाने ऐकून घेतलं. तो म्हणाला, “लोक एसी मागायलेत आन तू माती दाखवायलीस.” पण घरात माझाही वाटा आहे हे त्याने नाकारलं नाही. दोन पावसाळे देतो म्हणाला. “मला भाषण नको. कवाबी आलो तर आत मानसं बसलेली दिसली पायजेत. अंगनात न्हाई, आत. मग मी हात लावनार न्हाई, आप्पाची शपथ.” त्याने तुमचं नाव घेतलं म्हणून मी होकार दिला, असं नाही. अट मला न्याय्य वाटली. ज्या छताखाली कोणी बसत नाही ते कोणासाठी ठेवायचं?

काम मी नीट केलं. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना धरून नव्हते, तिथं आरपार दगड बसवले. वर चारही बाजूंनी भिंती बांधून धरणारा पट्टा फिरवला. तुळयांखाली खांब दिले, म्हणजे भिंत गेली तरी छत खांबांवर राहील. आणि माळवद उतरवलं. आधी तुमचंच निघालं, अप्पा. मजूर कुदळीने काढत होते, मी त्यांना एका कोपऱ्यात थांबवलं आणि तो तुकडा वरपासून खालपर्यंत सरळ कापून घेतला. थर मोजता येत होते. खालचे आजोबांचे, जाड, हातभर खोल. मग तुमचे. भूकंपाच्या आधीचे तुमचेही तसेच जाड. त्यानंतरचे बोटभर, त्याहून पातळ, आणि त्यांत सुतळीचे कापलेले तुकडे. सुतळीने माती भेगाळत नाही आणि थर पातळ ठेवता येतो. तुम्ही माळवदावरून माझ्यावर डाफरलात आणि माती कमी टाकलीत, असा याचा अर्थ होऊ शकतो. किंवा माती महाग झाली होती आणि सुतळी म्हणजे दुकानातला केर होता. माझ्याकडे दोन्हीला पुरावा नाही. मी त्या तुकड्याजवळ बराच वेळ बसले आणि काही ठरवलं नाही.

तो तुकडा मी काचेच्या पेटीत घालून दाराशी ठेवला. शेजारी फळा लावला. माळवद असं वाढत गेलं, त्याचं एवढं वजन झालं, भूकंपात माणसं याच्याने गेली, आणि आता या घराचं छत त्याच्या चौथ्या हिश्श्याहून हलकं आहे. मला वाटलं, माणूस आधी धोका वाचेल, मग उपाय वाचेल आणि आत येईल. माझ्या शिक्षणात असंच लिहायला शिकवतात.

उद्घाटनाला गल्ली आली. चहा झाला, सगळ्यांनी फळा वाचला. समोरच्या किराणावाल्या काकू सगळ्यात पुढे होत्या. त्यांनी चप्पल काढली, उंबऱ्यापर्यंत आल्या, पेटीकडे बघितलं, वर बघितलं आणि चप्पल पुन्हा घातली. “इथंच सतरंजी टाक गं,” त्या म्हणाल्या, “वारं चांगलं हाय.” वारं नव्हतं. अंगण तापलेलं होतं आणि आत गारवा होता. सगळे अंगणात बसले, पत्र्याखाली, आपल्या जुन्या शेडात. मी खताचं सांगितलं, सांडपाण्याचं सांगितलं. कोणीतरी विचारलं, “आडाला पानी हाय म्हनं?” तेव्हापासून लोक रोज येतात. पाणी न्यायला. मला गल्लीत आडवाल्या मॅडम म्हणतात. घागर भरताना बायका खताच्या खड्ड्यावरून उडी मारून जातात आणि म्हणतात, “मॅडम, वास येत न्हाई की हो याला,” आणि जातात. दादा दोनदा येऊन गेला. आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या वेळी म्हणाला, “पानपोई चांगली चाललीय तुझी.”

मग या उन्हाळ्यात मुली आल्या. शेजारच्या हॉस्टेलमधल्या. खोलीत पत्र्याची पार्टिशनं आणि वर तापलेला स्लॅब, अभ्यास होईना. एक मुलगी पाण्याची बाटली भरायला आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “मॅडम, आत कूलर हाय का?” मी नाही म्हणाले. “मग गार कसंय?” त्या वर्षात मला कोणी विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता. ती आत आली. दुसऱ्या दिवशी आणखी चौघी घेऊन आली. महिन्याभरात आत चटईला चटई लागली. त्या सगळ्या भूकंपानंतर जन्मलेल्या. पेटी त्यांनी बघितली, जशी संग्रहालयात बघतात, आणि तिच्यावर आपली दप्तरं ठेवली. त्यांना सांडपाण्यात रस नव्हता, केंद्राचं नाव त्यांना माहीत नव्हतं. पण त्या आत बसल्या होत्या. मी दादाला फोन करून ये म्हटलं. तो रविवारी येतो म्हणाला. मी त्या आठवड्यात काय काय मनात धरलं ते लिहीत नाही.

शनिवारी एका मुलीचे वडील आले. औसा तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मुलीसाठी डबा आणलेला. मुलगी आत होती. ते दाराशी थांबले, पेटीवरची दप्तरं त्यांनी एकेक करून खाली ठेवली आणि काचेतून तुकडा बघितला. फळा पूर्ण वाचला. शिक्षक वाचतो तसा, शब्द न गाळता. मग म्हणाले, “आमच्यावर याच्यापेक्षा जाड होता.” त्यांनी विचारलं, हे तुम्ही लिहिलं का? मी हो म्हणाले आणि खांब दाखवले, पट्टा दाखवला, वजनाचा आकडा सांगितला. ते मान हलवत होते. त्यांना कळत होतं. “तुमचं गणित बरोबर आसंल, मॅडम,” ते म्हणाले, “मी गणितच शिकवतो. पर माझी पोरगी बाहेर बसंल.” त्यांनी आवाज चढवला नाही, आत पाऊल टाकलं नाही. नुसतं मुलीला हाक मारली. ती म्हणाली, “बाबा, बाहेर लई उकडतंय.” ते म्हणाले, “उकडू दे.” तिने पुस्तकं आवरली. बाकीच्या मुली आमच्याकडे बघायला लागल्या, मग फळ्याकडे, मग वर. त्यांतल्या एकीने ओठ हलवत फळा वाचला. चटया त्यांनी स्वतःच गुंडाळून ठेवल्या, नीट, भिंतीशी. जाताना सगळ्यांनी “येते मॅडम” म्हटलं.

रविवारी दादा आला. आत कोणी नव्हतं. तो चटयांच्या त्या ढिगाकडे बघत उभा राहिला. पानपोईही म्हणाला नाही. त्यानंतर दुसरा पावसाळा संपेपर्यंत त्याने वाट बघितली, शब्दाप्रमाणे. मी फळा काढला, पेटी मागे नेली. पण एकदा वाचलेलं विसरलं जात नाही, आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यातही ते पसरतं. पत्र्याखाली लोक बसतात, पाणी भरतात, आत येत नाहीत.

त्या शिक्षकांशी मी वाद घातला असता तर जिंकले असते. त्यांनी मला तशी संधी दिली होती. घातला नाही, कारण त्यांच्या हाताकडे माझं लक्ष होतं. बोलताना त्यांनी एका हाताने चौकट धरली होती आणि बोटं चौकटीच्या लाकडावर सपाट होती, दाबून. कंप आहे का ते बघत असल्यासारखी. तो हात मी ओळखला. तुम्ही त्या ट्रकमधून परत आल्यावर कितीतरी दिवस भिंतीला तसाच हात लावायचात.

सोमवारी मोजायला येतील. आडाचं काय करणार असं मी विचारलं तर दादा म्हणाला, पार्किंग येतंय तिथं. सागाच्या तुळया विकल्या जातील. माती भरावाला जाईल, तुमची आणि आजोबांची एकत्र. पेटीतला तुकडा मी बरोबर नेणार नाही. पुण्यात तो कुठं ठेवू आणि कोणाला काय सांगू?

हा कागद कुठं टाकायचा हेही ठरलेलं नाही. टेबलाच्या खणात राहील आणि टेबलासोबत कुठंतरी जाईल. एक गोष्ट मात्र राहिली. मी बसते त्या टेबलामागच्या फळीवर पहिल्या दिवसापासून तीन पेले आहेत. पहिला उपडा, दुसरा सुलटा, तिसरा उपडा. येणाऱ्याला वाटतं पाणी पिण्यासाठी आहेत. कोणी वरचा उचलून पाणी पितो, धन्यवाद म्हणतो आणि कसाही ठेवून जातो. छताचं गणित मी स्वतः केलेलं आहे आणि ते बरोबर आहे. तरी माणूस गेल्यावर मी उठते आणि तो पेला होता तसा लावून ठेवते.